पकडलेला मासा सोडूनच द्यायचा, तर गळ टाकायचा कशाला?

तळ्यातमळ्यात (रविवार, रात्री ११:४०)

आज आयुष्यात पहिल्यांदा माशांच्या मॅचला जाऊन आलो. तीनदा साबण लावूनही हाताचा वास जात नाहीये आणि झोपही येत नाहीये, म्हणून हा धागा.

लेस्टरपासून अर्ध्या तासावर एका शेतकऱ्याने शेतात तळं खणून त्यात कार्प सोडले आहेत. इकडे अशी तळी भरपूर. माणसं दिवसाचे पैसे भरून गळ टाकत बसतात आणि रविवारी मॅच लागते. आमचे शेजारी तीस वर्षं जातायत. वय ७१, निवृत्त बसचालक. त्यांना इथे आजोबा म्हणतो. समोर नावाने हाक मारावी लागते आणि ते माझ्या जिभेला अजून जमत नाही. दोन वर्षं 'चल' म्हणून मागे लागले होते. सरकारी परवाना काढला (१३ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो) आणि गेलो.

२२ जण होते. २० पौंड भरले, १० तळ्याचे आणि १० बक्षिसाचे. मग पिशवीत हात घालून नंबर काढायचा. काठावर लाकडी फळ्यांचे ओटे असतात, त्यांना पेग म्हणतात. जो नंबर निघेल त्या ओट्यावर दिवसभर बसायचं. मला ९ आला, आजोबांना ११. चिठ्ठी बघून त्यांचा चेहरा पडला. वारा समोरच्या काठाकडे आहे, मासे तिकडे जाणार, मॅच तिकडूनच जिंकणार, हे त्यांनी गळ पाण्यात पडायच्या आधीच सांगून टाकलं. नंतर कळलं की बावीसच्या बावीस जणांनी आपापल्या नंबराबद्दल असंच काहीतरी सांगितलं होतं.

१० वाजता शिट्टी झाली. आजोबांची काठी १३ मीटरची, कार्बनची, तुकड्यात तुकडा बसवलेली, रीळ नाही. मासा लागला की काठी मागे सरकवत न्यायची आणि मागचे तुकडे काढत जायचं. मला त्यांनी साधी रीळवाली दिली. गळाला उलटा काटा चालत नाही. आमिष म्हणजे मक्याचे दाणे आणि पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्या. मी पहिल्या पाच मिनिटांत पितरांना वाढावं तशी ओंजळभर पेलेट ओतली. आजोबा पलीकडून खेकसले, "चार दाणे! चारच!" पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही. पुढचे दोन तास माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

बाराच्या सुमाराला पहिला लागला. बंद दार आतून कुणीतरी ओढून धरावं तसं वाटतं. साधारण चार रत्तल असेल. (वजनाचा पाउंड आणि पैशाचा पौंड यांचा घोळ नको म्हणून वजनाला आपला जुना रत्तल वापरतो.) सोनेरी खवले, तोंडाच्या कडेला चार मिशा, आणि डोळे असे की उधारी मागायला आलोय आपण. ओल्या गादीवर ठेवून गळ काढायचा आणि काठाशी पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत टाकायचा. एका जाळीत ५० रत्तलांपर्यंतच. जास्त भरले तरी ५०च धरतात. शेवटच्या तासाला मासे अगदी पायाखाली, काठाच्या गवतात येतात. तिथे मला पटापट पाच मिळाले.

४ वाजता शिट्टी, मग वजनकाटा घेऊन लोक ओट्या-ओट्यावर फिरतात. मी ३१ रत्तल ६ औंस, सतरावा. आजोबांची पहिली जाळी ५६ रत्तल २ औंस, दुसरी ४७ रत्तल ८ औंस आणि छोट्या माशांची वेगळी जाळी ६ रत्तल ४ औंस. जिंकणाऱ्याचे १०५ रत्तल. वजन झालं की जाळी उलटी करायची. सगळे मासे परत तळ्यात.

घरी येऊन आईला अलिबागला फोन केला.
"मग आणलंस काय?"
"काही नाही, सोडले."
"सगळे?"
"सगळे."
बराच वेळ शांतता. मग, "बरं वाटतंय ना रे तुला?"

तर प्रश्न असा. मजा आली, हे खरं. कशाची आली ते मला सांगता येत नाहीये. माशाला आली नसणार हे नक्की. तुम्हाला काय वाटतं?

वरणभात (रात्री ११:५२)

आईंना साष्टांग नमस्कार. धागा इथेच संपला.

पुळणकर (सोमवार, सकाळी ७:१०)

आवशीचा बरोबर आसा.

आमच्याकडे लहानपणी शाळा सुटली की गरी घेऊन जेटीवर. मिळालं ते घरी. चार बोटांएवढी मासळी असली तरी आजी तिचं तिखलं करायची. एकदा मी एक पकडलेला मासा बादलीत ठेवून खेळत बसलो होतो, तर तिने पाठीत धपाटा घातला होता. खायचा असेल तर खा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नको. माझ्यासाठी विषय तिथेच मिटला.

शिवाय ते कार्प-बिर्प सोडलेत तेच बरं केलंत. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो.

भीमाकाठ (सकाळी ८:३४)

झालं. आला समुद्रवाला.

पुळणकर, एकदा भिगवणला या. कटल्याच्या डोक्याचा रस्सा खा, मग चिखलाचं बोला. तुमच्या बांगड्याला वास येत नाही होय?

मूळ प्रश्नावर: माझे मामा उजनीत जाळं टाकतात. मळ्यातमळ्यात यांनी वर्णन केलेला मासा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आम्ही त्याला सायप्रिनस म्हणतो. मामांना सांगितलं की इंग्लंडात माणसं २० पौंड भरून सायप्रिनस पकडतात आणि सोडून देतात. मामा म्हणाले, "मग पैसे आपण घेऊ की, इकडं ये म्हणावं." त्यांच्या जाळ्यात हल्ली चिलापी आणि तो काटेरी कवचाचा सकर मासाच जास्त येतो. सकरला कुणी विचारत नाही आणि वर तो जाळं फाडतो. रोहू-कटला मिळाला तर दिवस चांगला. पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्याला ही मॅच कळणं अवघड आहे, एवढंच म्हणतो.

तळ्यातमळ्यात (सकाळी ८:४१)

@भीमाकाठ, आयडी तळ्यातमळ्यात आहे हो. मळ्यातमळ्यात केलंत तर मी आउट.

शून्य_शिल्लक (सकाळी ९:०५)

कुणीच हिशेब केला नाही का? आजोबांचे धरले गेले ५० + ४७-८ + ६-४ = १०३ रत्तल १२ औंस (४७-८ म्हणजे ४७ रत्तल ८ औंस, १६ औंसांचा एक रत्तल). जिंकणारा १०५. म्हणजे १ रत्तल ४ औंसांनी हरले. आणि पहिल्या जाळीत जास्त भरल्यामुळे फुकट गेले ६ रत्तल २ औंस!! तो एक मासा दुसऱ्या जाळीत टाकला असता तरी आजोबा पहिले. दुसरीत अडीच रत्तलांची जागा होती.

मला रात्री झोप लागणार नाही आता.

वरणभात (सकाळी ९:११)

६ रत्तलांचा एकच मासा असेल तर दुसरीही फुटली असती ना? ४७-८ मध्ये ६-२ घातले तर ५३-१०.

शून्य_शिल्लक (सकाळी ९:१९)

दोन रत्तलांचा एखादा टाकायचा. दुसरी ४९-८ होते, पहिली तरीही ५०च्या वर. एकूण १०५-१२. जिंकले! माफी असावी, घाईत लिहिलं.

तळ्यातमळ्यात (सकाळी ९:३०)

हाच हिशेब आजोबांनी गाडीत मला चार वेळा सांगितला. त्यांच्याकडे मासे मोजायला बोटाने दाबायचं यंत्र असतं, प्रत्येक मासा अंदाजाने वजन ठरवून दाबतात. "मी हात आखडता घेऊन मोजतो" हा त्यांचा तीस वर्षांचा अभिमान. काल घरी पोचेपर्यंत रेडिओ लावू दिला नाही.

मुक्ता_म्हणे (सकाळी १०:०२)

हिशेब झाला असेल तर माशाचं बोलू या? मी शाकाहारी आहे, पण खाण्यासाठी मारणाऱ्यांशी माझं भांडण नाही. इथे मात्र एका जिवाच्या ओठात लोखंड अडकवून, ओढून, तासन्‌तास जाळीत कोंबून, काट्यावर लटकवून मग 'सोडला बघा' म्हणायचं. का? तर कुणाचं वजन जास्त. पुळणकरांच्या आजी यापेक्षा दयाळू होत्या.

अर्धा_चहा (सकाळी १०:१५)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माशाला वेदना होत नाहीत असं वाचलंय, त्यांचा मेंदू फार साधा असतो.

प्रयोगवही (दुपारी १:२०)

@अर्धा_चहा, ते इतकं सरळ नाही. २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) टोचून पाहिलं. माशांचा श्वास वाढला, खाणं बराच वेळ बंद झालं आणि आम्लवाले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. ओठात वेदना टिपणारे चेतातंतू आहेत हेही दाखवलं. विरोधी बाजू म्हणते की वेदना 'जाणवायला' आपल्यासारखं मेंदूचं बाह्यावरण लागतं, ते माशात नाही. वाद मिटलेला नाही. पण 'काहीच होत नाही' असं आता कुणी जबाबदारीने म्हणणार नाही.

आणि कार्प बावळट नाहीत. हॉलंडमध्ये १९७०च्या सुमारास झालेल्या प्रयोगात एकदा गळाला लागलेले कार्प पुढे वर्षभर गळ टाळताना दिसले होते.

तळ्यातमळ्यात (दुपारी २:०५)

@प्रयोगवही, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण मग बेन्सनचं काय करायचं? ही आजोबांची आवडती गोष्ट. आमच्यापासून फार लांब नाही, पीटरबरोजवळच्या एका तळ्यात बेन्सन नावाची कार्प मादी होती. पाठीच्या पंखाला सिगारेटने पडावं तसं भोक, म्हणून सिगारेटच्या ब्रँडवरून नाव. वजन ६०च्या वर रत्तल. ती साठेक वेळा पकडली गेली आणि साठेक वेळा सोडली गेली. लोक तिच्याबरोबर फोटो काढायला लांबून यायचे. २००९ मध्ये मेली तेव्हा पेपरात बातमी आली होती.

त्याआधीची एक, १९५२ची. रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर तळ्यात ४४ रत्तलांचा कार्प पकडला. त्याने खाल्ला नाही, सोडलाही नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन केला की घेऊन जा. तो मासा तिथे पुढे १९७१पर्यंत जगला.

म्हणजे आईला सांगायला तिसरा पर्याय आहे. 'सोडले नाहीत, राणीच्या बागेत दिले.'

तिरकस_रेघ (दुपारी २:१७)

साठ वेळा गळाला लागून पुन्हा तोंड उघडणारी बेन्सन म्हणजे आमच्या सोसायटीचा खजिनदार.

मुनिखची_मावशी (संध्याकाळी ६:४०)

तळ्यातमळ्यात, हे तू इकडे केलं असतंस तर महागात पडलं असतं. :) जर्मनीत प्राणीसंरक्षण कायदा म्हणतो की योग्य कारणाशिवाय मणक्याच्या प्राण्याला वेदना द्यायच्या नाहीत. खाणं हे योग्य कारण. वजनाची शर्यत लावून पुन्हा सोडणं हे नव्हे. गळ टाकायचा परवाना मिळवायला परीक्षा द्यावी लागते. माझ्या नवऱ्याच्या सहकाऱ्याने दिली, आम्हाला वाटलं गंमत करतोय. माशांची शरीररचना, आजार, कायदा, सगळं. खायचा मासा आधी डोक्यात फटका मारून बेशुद्ध करायचा आणि लगेच मारायचा. मुक्ता, तुमच्या मनासारखंच आहे की नाही सांगा.

अवांतर: न्यूरेंबर्गजवळ आयशग्रुंड म्हणून भाग आहे, तिथे शेकडो वर्षांची कार्पची तळी आहेत. कार्प डोक्यासकट उभा चिरून अर्धा तळून देतात. तेही फक्त ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या महिन्यात, सप्टेंबर ते एप्रिल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हे तर आपल्यासारखंच, श्रावण पाळतात मेले!

पुळणकर, चिखलाचा वास येऊ नये म्हणून मासे आधी स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवतात. लागत नाही मग.

पुळणकर (संध्याकाळी ७:०२)

मावशी, श्रावण नव्हे. आम्ही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काढत नाही ते माशांच्या विणीसाठी, आणि खवळलेल्या दर्यासाठी. सरकारची बंदीपण १ जून ते ३१ जुलै. यात शहाणपण आहे.

स्वच्छ पाण्यात ठेवून वास जात असेल तर एकदा खाऊन बघीन. एकदाच.

भीमाकाठ (संध्याकाळी ७:०५)

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

जुना_पवईकर (रात्री ९:४८)

हा धागा माझ्यासाठीच निघाला असं वाटलं, म्हणून बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं.

मुंबईकरांना वाटतं पवई म्हणजे काचेच्या इमारती. आम्ही तिथे पहाटे साडेपाचला काठावर असायचो. तिथे गळवाल्यांची जुनी संघटना आहे. रोहू, कटला, मृगळ. पाणी पिण्यालायक नव्हतं हे आमचं नशीब, नाहीतर तलावाजवळ कोण उभं करतं? प्रत्येकाचं आमिष वेगळं आणि गुप्त. भाजलेल्या चण्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, ब्रेड इथपर्यंत सगळे सांगायचे. पुढे काय मिसळतोस विचारलं की विषय हवामानावर. माझे एक ज्येष्ठ सोबती पिशवीतून डबा काढताना पाठ करून बसायचे. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने तो डबा मला आणून दिला. उघडला तर पेंड आणि बडीशेप. एवढंच. पंधरा वर्षं मी काय काय कल्पना केल्या होत्या.

बोया म्हणून मोराच्या पिसाची दांडी. ती पाण्यात उभी असते तोवर तुम्ही जगात नसता. बँकेचा हप्ता, साहेब, गुडघा, काही आठवत नाही. मग ती किंचित हलते. बुडत नाही, नुसती हलते. तुम्ही विचारलंत ना मजा कशाची? मला विचाराल तर त्या हलण्याची. मासा लागल्यानंतर तर नुसती मजुरी आहे.

खायचो का? सुरुवातीला घरी न्यायचो. नंतर जलपर्णी आणि गटारं वाढली तेव्हा बायकोने बंद केलं. मग सोडायला लागलो. म्हणजे तुमच्या आजोबांसारखा उदात्त वगैरे नव्हतो मी, घरात घेत नव्हते म्हणून सोडायचो.

पवईत मगरी आहेत हे विसरलो सांगायचं. त्यांनाही मासे आवडतात आणि त्या सोडत नाहीत.

मुक्ता_म्हणे (रात्री १०:२०)

पवईकर काका, फार सुंदर लिहिलंत. तरी एक विचारते, राग मानू नका. पिसाची दांडी हलण्यातच सगळी मजा असेल तर गळ न लावता नुसतं आमिष बांधून बसता येईल की?

जुना_पवईकर (रात्री १०:४४)

मुक्ताताई, राग कसला. हा प्रश्न मला कुणी तिशीत विचारायला हवा होता. आता सत्तरीत उत्तर सुचत नाहीये.

हावडा_रिटर्न (मंगळवार, सकाळी १०:१०)

नोकरीनिमित्त सहा वर्षं कोलकात्यात होतो. तिथे खाजगी पुकुरांवर (तळ्यांवर) तिकीट काढून दिवसभर गळ टाकतात, तिकिटं चांगली महाग असतात. आमिषाच्या दुकानात गेलात तर आयुर्वेदाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. एकांगी, मेथी, जटामांसी, शिवाय लाल मुंग्यांची अंडी. पवईकर काकांच्या मित्राची बडीशेप म्हणजे तिथली बालवाडी. मासा सोडायचं मात्र कुणाच्या स्वप्नातही येत नाही. रुईमाछ (रोहू) सोडून घरी गेलात तर घरात घेणार नाहीत.

मत्स्यबीज (सकाळी ११:३५)

मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी. एक अवांतर सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज (म्हणजे माशांची बारीक पिल्लं) नदीतून गोळा करायचे, त्यात नको ते मासेही यायचे. १९५७ साली १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधुरी आणि सहकाऱ्यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्यावरूनच. सायप्रिनसला हे लाड लागत नाहीत. तो तळ्यातच वितो, तळ उकरतो, पाणी गढूळ करतो. म्हणून इंग्लंडातली ती तळी चहासारखी दिसतात. बरोबर ना?

तळ्यातमळ्यात (दुपारी १२:०२)

बिनदुधाच्या नव्हे, दुधाच्या चहासारखी.

सावित्रीचं_पाणी (दुपारी ३:३०)

कुणी वाळणकोंडीचा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं. महाड तालुक्यात आहे. नदीत खोल डोह, तिथले मासे देवीचे. लोक कुरमुरे, खोबरं टाकतात, मासे थव्याने वर येतात, आणि गळ टाकायची कुणाची छाती होत नाही. वाड्याजवळ तिळसेश्वरालाही वैतरणेत असेच देवाचे मासे आहेत. मुक्ताताईंनी विचारलं ना, गळाशिवाय मजा येईल का? येते. मुलांना घेऊन गेले होते, दीड तास हलायला तयार नव्हती.

अर्धा_चहा (दुपारी ३:४१)

तिथे नंबर काढून बसवा आणि कुणाकडे जास्त मासे आले ते मोजा. मॅच झाली. :)

सावित्रीचं_पाणी (दुपारी ३:४४)

देवी बघून घेईल तुम्हाला.

तळ्यातमळ्यात (बुधवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आजोबांना मुक्ताताईंचा प्रश्न सांगितला, गळाशिवाय बसता येईल का. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग कुणी जिंकलं ते कसं कळणार?" बायको गेल्यानंतर ते फक्त रविवारी दाढी करतात, हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं होतं. का कोण जाणे, ते तेव्हा आठवलं.

या रविवारी पुन्हा बोलावलंय. जाणार आहे. मुक्ताताई, रागवा, हक्क आहे तुमचा. पवईकर काका, पेंड-बडीशेपेचं प्रमाण सांगाल का?

जुना_पवईकर (रात्री ९:५०)

तीन मुठी पेंड, एक मूठ भाजलेल्या चण्याचं पीठ, चमचाभर बडीशेप जाडसर कुटून. हिंग चिमूटभर, हे माझं स्वतःचं. पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मुक्ता_म्हणे (रात्री १०:०५)

रागावले नाहीये. पण हिंग फुकट घालवू नका, तिकडे महाग असेल.

तळ्यातमळ्यात (रविवार, रात्री ८:२०)

हिंगाचा डबा उघडण्याआधीच बंद करावा लागला. तळ्याच्या फाटकावरच नियमांची पाटी आहे, गेल्या वेळी वाचलीच नव्हती. पेलेट तिथेच विकत घेतलेली, आणि शेंगदाणा किंवा त्याचं काहीही चालणार नाही. तळे राखी तो पेलेट विकी.

आजोबांच्या जाळ्या ४८-१२ आणि ४६-३. दर मासा टाकताना मोठ्याने मोजत होते, शेजारचे वैतागले. तिसरे आले. मला ११ नंबर निघाला. वारा समोरच्या काठाकडे होता, सगळे मासे तिकडे, त्या जागेवरून कुणीही काही करू शकलं नसतं.

वरणभात (रात्री ८:२६)

आणि घरी काय आणलंस?